आजारी पाणी

सानिकाच्या उजव्या तर्जनीवर पहिली गाठ आली तेव्हा मी म्हटलं, "भांडी नकोत म्हणून वाढवलीस काय गं?"

सानिका म्हणजे माझी सून. ती नुसती हसली. हसायला नको होतं तिनं, आणि मी बोलायला नको होतं. पण मी शालन दिवटे. इचलकरंजीत मला ओळखतात ते माझ्या माशांमुळं आणि तोंडामुळं, आणि त्यातलं आधी कशामुळं ते मलाही सांगता यायचं नाही.

आमची शेड मूळची मागांची. माग भंगारात गेले तेव्हा मी त्या जागेत काचेच्या टाक्या मांडल्या. चौथी शिकलेली बाई शोभेचे मासे विकणार म्हणून गल्ली हसली. पाच-सात वर्षांत कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत ओरांडा म्हटलं की माझं नाव निघायला लागलं. ओरांडा हा गोल्डफिशच, पण गुबगुबीत, डोक्यावर लाल टोप, चाल अशी की पाणी आपल्या बापाचं आहे. त्याची चांगली पैदास हातानं करावी लागते. भरलेली मादी तळहातावर धरायची, पोटावरनं अंगठा असा फिरवायचा की अंडी वाडग्यात उतरतील आणि माशाला कळणारही नाही. माझी बोटं संधिवातानं वाकली तसं ते काम सानिकाकडं गेलं. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. हे मी आज लिहितेय, तिला कधी बोलले नव्हते.

हातमोजे मात्र घालू द्यायची नाही मी तिला. "रबराला मासा भितो," म्हणायची. मासा कशाला भितोय? हातमोजे घालून काम करणारी बाई मला चैनीची वाटायची, एवढंच.

महिन्याभरात एकीच्या चार गाठी झाल्या. बोटावरनं मनगटाकडं, दोऱ्यात ओवल्यासारख्या रांगेत. बोट वाकेना. माझ्या लेकानं, हर्षदनं, मला न विचारता तिला मिरजेला नेलं. मग मीही गेले. घरात बसवेना.

तिथं डॉक्टर नाझनीन शिकलगार म्हणून एक बाई होत्या, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी गाठीतला कण काढून वाढवला होता. काचेच्या ताटलीत पिठल्यावर येते तशी साय धरली होती. "अंधारात ही पांढरी राहते आणि उजेडात ठेवली की पिवळी पडते. यावरनंच ओळखू येतो," त्या म्हणाल्या. "माशांचा क्षय आहे हा, मावशी. माणसाच्या क्षयाचा लांबचा भाऊबंद. मासा वाळतो, पाठ वाकडी होते. माणसाच्या अंगात खोल जाऊ शकत नाही, आतली ऊब त्याला सोसत नाही. म्हणून हाताच्या गार कातडीत घर करतो. पूर्वी चार-सहा महिने गोळ्या घेतल्या की जायचा."

"मग द्या की गोळ्या."

"चारही प्रकारची औषधं या ताटलीत लावून बघितली, एकालाही दबत नाही. तुम्ही टाकीत औषध टाकत होता का?"

टाकत होते की. पिवळी पूड, दर शनिवारी चिमूटभर, मासा आजारी असो नाही तर नसो. बंदी येईपर्यंत सगळेच टाकायचे. ज्या जंतूंना ती चिमूट मारू शकली नाही ते जगले, त्यांचीच पोरंबाळं वाढली, आणि आता त्यांच्यावर कुठलंच औषध चालत नव्हतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. सानिका माझ्याकडं बघत होती.

"पाच आठवडे वाट बघू," डॉक्टर म्हणाल्या. "बोट वाकवणाऱ्या दोरीत शिरलाय तो. आणखी पसरला तर तर्जनी काढावी लागेल. कदाचित शेजारची दोन बोटंही."

तीन बोटं गेलेल्या हातानं मासा धरता येत नाही. घासही धरता येत नाही म्हणा, पण माझ्या डोक्यात आधी मासा आला. ही मी अशी आहे.

घरी येऊन मी काय केलं ते सांगते. येत्या पहिल्या तारखेपासून सरकारचा नवा नियम लागू होणार होता. मासे विकणाऱ्या प्रत्येकानं टाकीत एक यंत्र सोडायचं. लिंबाएवढं, हिरवं. सगळे त्याला बेडकी म्हणतात. ती पाण्यातले जंतू त्यांच्या मुळाबीजावरनं ओळखते आणि बिनतारेनं थेट कचेरीत कळवते. क्षयाचा जंतू सापडला की बेडकी लाल होते आणि शेडचा परवाना जातो. माझी शेड लाल? शालन दिवटेची? मी दोन दिवस झपाटल्यासारखी राबले. सगळं जुनं पाणी गटारात सोडलं. टाक्या, नळ्या, जाळ्या ब्लिचिंग पावडरनं धुतल्या. बारीक झालेला, अंगावर डाग असलेला एकेक मासा काढून कडुलिंबाखाली पुरला. उरलेल्यांना नवं पाणी, वर जंतू मारणाऱ्या निळ्या दिव्यांच्या कांड्या. पहिल्या तारखेला बेडक्या सोडल्या. सगळ्या हिरव्या. मी दारात खुर्ची टाकून बसले.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "मावशी, तुमच्या टाक्यांतलं जुनं पाणी पाहिजे. तळाच्या गाळासकट. एखादा आजारी मासा असला तर फारच बरं."

"माझ्याकडं जुनं काही नसतंय," मी ताठ्यात सांगितलं. "या बघायला. काचेत तोंड दिसतंय."



"धुतलंत? सगळं?"

"सगळं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी हर्षदला पुन्हा पुन्हा सांगायला लावून समजून घेतलं. जंतूंनाही आजार होतो. जंतूपेक्षा कितीतरी लहान असा एक विषाणू असतो. तो जंतूला चिकटतो, आपलं बीज त्याच्यात सोडतो, आणि थोड्या वेळानं जंतू फुटून त्यातनं शंभर नवे विषाणू बाहेर पडतात. माणसाला त्याचा काही त्रास नाही. आजार बरा करायला तो टोचायचा, की तो शोधून शोधून जंतू खातो. पण हे विषाणू आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखे, आपल्याच गल्लीतल्या माणसांना ओळखणारे. प्रयोगशाळेच्या साठ्यात तीनशे विषाणू होते, त्यातला एकही सानिकाच्या जंतूला शिवला नाही. ज्या पाण्यात हा जंतू वर्षानुवर्षं वाढला त्याच पाण्यात त्याला खाणारा असणार. आणि जिथं जंतू जिवंत आहे तिथंच खाणारा जिवंत. चकचकीत पाण्यात दोघंही नाहीत.

थोडक्यात, औषध माझ्या शेडमध्येच होतं आणि मी ते गटारात सोडलं होतं. उरलेल्या माशांचे नमुने नेले त्यांनी. काही मिळालं नाही.

"तुम्ही ज्यांना मासे विकले त्यांच्याकडं बघा," डॉक्टर म्हणाल्या. "घरगुती टाक्यांना बेडकीची सक्ती नाही. तुमचा मासा आजारी पडलेला असेल, पण मेलेला नसेल, आणि पाणी कधी पूर्ण बदललेलं नसेल, असं एक घर मिळालं तरी पुरे."

मी म्हटलं, हात्तिच्या. माझी गिऱ्हाइकं काय थोडी आहेत? हर्षदची बॅटरीची गाडी काढली आणि निघाले.

पहिल्यांदा जयसिंगपूरला मगदुमांकडं. बाबासो मगदूम माझ्याकडनं मासे नेऊन दुकानात विकतो. मला बघितल्यावर काउंटरमागनं उठून उभाच राहिला.

"बाबासो, माझ्या माशांत कधी आजार निघाला काय रे?"

"छे छे अक्का! तुमचा मासा म्हणजे काय बोलायचं काम आहे?"

"पाठ वाकडी? अंगावर फोड?"

"नावच नाही अक्का. चहा घेणार?"

कोल्हापुरात दोन घरं, कुरुंदवाडात तीन, निपाणीत एक. सगळीकडं तेच. "फार गुणी मासे, अक्का." "अजून पोरं आठवण काढतात." आठवण कशाला काढतात, मासे कुठं गेले? तर म्हणे बदली झाली तेव्हा कुणाला देऊन टाकले. एका घरात तर रिकामी टाकी पायऱ्यांखाली पालथी पडलेली दिसत होती, त्यात बटाटे ठेवले होते, आणि बाई माझ्या तोंडावर सांगत होती की मासे मजेत आहेत. नव्या टाक्या होत्या तिथं दिव्याची कांडी आतच बसवलेली. पाणी कसं, देवाच्या तांब्यातल्यासारखं. आठ दिवस मी अशी वणवण केली. रोज परत आले की सानिकाचा हात बघायचा. पाचवी गाठ आली. मग सहावी फुटली.

नवव्या दिवशी सकाळी मी पुन्हा चपला घालत होते. सानिका पायरीवर बसून डाव्या हातानं भाकरी खात होती. तुकडा मोडत नव्हता, तोंडानंच तोडत होती.

"आत्या, कुठं निघालाय?"

"चिकोडीला. तिथं एक..."

"नका जाऊ. तेही नाहीच म्हणतील."

"खरंच नसेल तर नाही म्हणतील की."

"तुमच्या तोंडावर हो कोण म्हणेल?" तिनं भाकरी खाली ठेवली. "ढोल्यांची सून मेलेला मासा पिशवीत घालून आली होती, तिला तुम्ही काय म्हणालात? 'तुला मूल झालं तर आधी मला दाखवायला आण.' सगळ्या गल्लीनं ऐकलं. ती पोरगी रडत गेली. त्यानंतर कुणी तक्रार घेऊन आलंय आपल्या दारात? तुम्हाला वाटतं आपले मासे आजारी पडत नाहीत. लोक आपल्याला सांगत नाहीत, आत्या. एवढंच आहे."

सात वर्षांत ती माझ्याशी इतकं लांबलचक कधी बोलली नव्हती. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं धारदार होतं. पण तिचा सुजलेला हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मी चपला काढल्या.

"हर्षद, फोन आण. त्या मासेवाल्यांच्या गटावर आवाज पाठवायचा आहे."

त्या गटात माझ्याकडनं कधी ना कधी मासा घेतलेली नऊशे माणसं आहेत. मी एरवी त्यात फक्त भाव सांगते आणि कुणी चुकीचं बोललं तर त्याला झाडते. त्या दिवशी बटण दाबून धरलं आणि पहिला आवाज नुसता खोकल्याचाच गेला. दुसऱ्यांदा बोलले.

"मी शालन दिवटे. माझे मासे आजारी होते. मी पिवळी पूड घालून रोग झाकला आणि मासे विकले. तुम्ही सांगायला आलात तेव्हा तुम्हालाच बोलले. माझ्या सुनेच्या हाताला तो रोग झालाय आणि तिची बोटं जाणार आहेत. ज्याच्याकडं माझा आजारी मासा अजून जिवंत असेल त्यानं सांगा. मी काही बोलणार नाही. सांगा."

दुपारपर्यंत काही नाही. मग एक आलं. मग धरणाची दारं उघडावीत तसं सुरू झालं.

"अक्का, तुमचे सहाच्या सहा मेले माझे." "पाठ अशी वाकली होती की पोरानं चित्र काढलं." "आमच्या सासऱ्यांच्या बोटाला गाठ आली होती, आम्ही तुम्हाला बोललो नाही." "तुम्ही मला भर बाजारात म्हशी धुणारा म्हणाला होता, आठवतंय?" बाबासो मगदुमाचं तर साडेचार मिनिटांचं आलं, मोजून अकरा तक्रारी, तारीखवार. हर्षद एकेक लावत होता आणि मी ऐकत होते. उठून जायची सोय नव्हती. कुठल्या आवाजात जिवंत मासा निघेल सांगता येत नव्हतं. म्हशीवाल्याच्या वेळी सानिका फिस्सकन हसली. मग तोंडावर हात धरला, डावा.

"हस," मी म्हटलं. "आता काय राहिलंय?"

चारशेच्या वर आवाज झाले. जिवंत मासा एकही नाही. सगळ्यांचे मेलेले किंवा टाकलेले. चौथ्या दिवशी सकाळी हुपरीहून एका बाईंचा फोन आला. "मी गाटांची मंडळी बोलतेय. आमचे हे सांगणार नाहीत, पण आमच्या हौदात तुमचा मासा आहे. बघण्यासारखा नाही राहिला. पण आहे."

हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरात पैंजणं घडतात. आण्णासो गाट अंगणात बसून साखळीची कडी जुळवत होते. सत्तरीचा माणूस. मला बघून उठले नाहीत.

"बसा. सहा वर्षं झाली. मासा पिशवीत घेऊन तुमच्या दारात उभा होतो मी."

"काय म्हणाले होते?"

"चांदी घासणाऱ्या हातात मासा आठ दिवस जगत नसतो, जावा. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर."

मी समोरच्या पायरीवर बसले.

"म्हटलं, नवव्या दिवशी येऊन दाखवतो. नववा दिवस उगवला. मग म्हटलं महिना होऊ दे. मग म्हटलं वर्ष." त्यांनी कडी चिमट्यात धरली आणि पुन्हा सोडली. "मरू दिला नाही त्याला. सणावारालासुद्धा गाव सोडलं नाही."

हौद मागच्या दारी, पपईच्या सावलीत. हिरवंगार पाणी, बाजूंना शेवाळाचे थर. पाणी कधी बदलता विचारलं तर म्हणाले, आटेल तेवढी वरनं भर. तळातून मासा हळूहळू वर आला. पाठ विळ्यासारखी वाकडी, एक डोळा गेलेला, लाल टोप पांढरा पडलेला, कुशीवर एक जुना फोड, ना भरलेला ना वाढलेला. माझाच ओरांडा. असा मासा मी चार दिवस ठेवला नसता. जंतू त्याला मारू शकला नव्हता आणि तो जंतूला घालवू शकला नव्हता. म्हणजे त्या हिरव्या पाण्यात तिसरं कुणीतरी होतं.

"नाव काय ठेवलंय?" मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

आण्णासोंनी मान फिरवली. स्वयंपाकघरातनं त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "सांगा की आता!"

"शालन," ते म्हणाले.

हर्षदनं तोंड पपईच्या झाडाकडं केलं. त्याचे खांदे हलत होते. मी डब्यात पाणी भरून घेतलं, वाटीनं गाळ काढला, कापसाच्या बोळ्यानं माशाच्या फोडावरचा चिकटा टिपला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. मासा हातात घेतला तेव्हा तो धडपडलाही नाही. "तुमच्याकडं माझ्यापेक्षा चांगला राहिला," मी आण्णासोंना म्हटलं. ते उठून उभे राहिले.

मिरजेला पोचलो तेव्हा पाच आठवड्यांतले आठ दिवस उरले होते. तो जंतू वाढायलाच सात दिवस घेतो. ते सात दिवस मी कसे काढले ते शेडमधल्या फरशीला विचारा. सातव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावून ताटली दाखवली. तीच पिवळी साय, पण तिला जागोजागी भोकं पडलेली. डोश्याला पडतात तशी गोल, स्वच्छ.

"प्रत्येक भोक म्हणजे एका विषाणूनं केलेलं जेवण," डॉक्टर म्हणाल्या. एरवी मोजून मापून बोलणारी ती बाई खुर्चीत बसूच शकत नव्हती.

परवानगीचे कागद, विषाणू गाळून स्वच्छ करणं, सगळं धावपळीत झालं. शस्त्रक्रिया पुढं ढकलली. रोज एक सुई, हातात आणि शिरेत. दुसऱ्या आठवड्यात फुटलेली गाठ सुकायला लागली. मी तिचं बोट धरून बघत होते, वाकतंय का. वाकलं नाही. पण तिनं माझं बोट दाबलं. जेमतेम. पाकळी दाबावी तेवढं.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"हा जंतू फक्त तुमच्याकडं नाही, मावशी. तुमचे मासे जिथं जिथं गेले तिथं आहे. माझ्याकडं आता अकरा माणसं आहेत, तुमच्या त्या आवाजानंतर आलेली. विषाणू मी बर्फात ठेवीन, पण जंतू रूप बदलतो आणि बर्फातला विषाणू जुनाच राहतो. दोघं एकत्र वाढत राहतील अशी जिवंत टाकी पाहिजे. आजारी माशांची. गाटांचा मासा म्हातारा झालाय. आणि आमच्या प्रयोगशाळेत आजारी मासा पंधरा दिवस टिकत नाही."

"आणि माझ्या शेडमध्ये ठेवली तर बेडकी लाल होणार."

"हो. विक्री कायमची बंद. नियमाला वाट नाही, मी विचारलं."

हर्षद म्हणाला, दुसरं कुणीतरी ठेवेल. सानिका म्हणाली, तुम्ही ठरवा आत्या, मी काही बोलणार नाही. घरी येऊन मी टाक्यांमधून फिरले. अठरा जोड्या होत्या माझ्या, पंचवीस वर्षं निवडत आणलेल्या. त्यांचे टोप बघून जुनी माणसं घराणं सांगायची. दोन दिवस फिरले. जेवतानाही उभी. तिसऱ्या दिवशी बाबासो मगदुमाला फोन केला.

"गाडी घेऊन ये. सगळे घेऊन जा."

"अक्का, काय बोलताय? मी कसं..."

"जमेल तुला. नाही जमलं तर मला सांग. खरं सांग."

जोड्या गेल्या त्या दिवशी मी दारात आले नाही. मग एकाच टाकीत हुपरीचं हिरवं पाणी ओतलं आणि माझ्या गटातल्या लोकांकडनं वाळलेले, वाकडे, डागाळलेले मासे मागवले. अशा माशाला जगवणं पैदाशीपेक्षा अवघड आहे. पाणी किती गार, खाणं किती बारीक, किती वेळा. एक मेला की माझा दिवस जातो. सानिका शेजारी स्टूल टाकून बसते आणि डाव्या हातानं वहीत लिहिते. उजवी तर्जनी आता अर्धी वाकते. तेवढीच वाकणार, डॉक्टर म्हणाल्या. अंडी उतरवायला अर्धी चालली असती, पण आता अंडी उतरवायची नाहीत. परवा मी तिला म्हटलं, तुझा हात माझ्यापेक्षा बरा होता. ती म्हणाली, "माहीत आहे." आणि लिहीत राहिली.

बेडकी दुसऱ्याच दिवशी लाल झाली. कचेरीतला माणूस येऊन परवाना घेऊन गेला. आमच्या विक्रमनगरच्या गल्लीत दोन दिवस तोच विषय.

काल दुपारी अनोळखी फोन आला. बाई होती कुणीतरी, परभणीकडची, बोलण्यावरनं वाटली. नवऱ्याच्या हाताला काहीतरी झालंय म्हणाली, घरात माशांची टाकी आहे, मासे कुठून आणले ते आठवत नाही. बोलता बोलता थांबली.

"लोकांनी तुमचं नाव सांगितलं. पण ते म्हणाले... तुम्ही रागावणार नाही ना?"

"रागावणार," मी म्हटलं. "आधी सांग, गाठ कुठल्या बोटावर आहे?"